बंधाऱ्याच्या वर जळवाच जळवा, खाली एकही नाही. असं का?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. गावाच्या खालच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा सरला की त्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, घालतात आणि वरच्या बाजूला लांबवर पाणी तुंबतं. त्याच पाण्यावर सगळ्यांचा ऊस निघतो, म्हसरंही तिथंच पाण्याला जातात.

अडचण अशी की शिवरात्र झाली, ऊन चढलं की म्हशी तासन् तास पाण्यात बसून राहतात, आणि बाहेर आल्या की कासेला, मांडीच्या आतल्या अंगाला, शेपटीखाली जळवा. पाठ हिरवट काळी, पोटाकडनं नारिंगी. रिकामी असताना करंगळीएवढी, रक्त पिऊन फुगली की अंगठ्याएवढी. सडाला चिकटली तर धार काढताना म्हैस हात लावू देत नाही. गेल्या आठवड्यात आमच्या एका गरीब म्हशीनं लाथ मारून भरली चरवी उलथली, एरवी ती कधी पाय हलवत नाही.

आता मला न सुटलेलं कोडं. बंधाऱ्याच्या खाली दोन-तीनशे पावलांवर खडक उघडा आहे. बरग्यांच्या फटीतनं आणि वरनं सांडलेलं पाणी तिथं खळाळत जातं. त्या खळाळात म्हशी घातल्या तर एकही जळू लागत नाही. आणखी खाली गावाचं गटार नदीला मिळतं. तिथं पाणी परत संथ, काळपट, वास मारणारं. तिथंही जळू नाही. लहानपणापासून ऐकलं की जळू घाण पाण्यात होते. मग गटारापाशी का नाही? आणि स्वच्छ पाण्यात होते म्हणावं तर खळाळात का नाही? नदी एकच, पाणी एकच.

शेजारी म्हणतात, पाणवठ्यावर मोरचूद टाका, एका रात्रीत जळवा संपतील. टाकावा का? जाणकारांनी सांगावं.

सावंतवाडी_मुक्काम

आमच्या आंबोलीच्या बाजूला पावसाळ्यात पायवाटेवर चालणं मुश्किल होतं इतक्या जळवा असतात. पानावर उभ्या राहून वाट बघतात. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावून जातो. आणि पाऊस संपला, दसऱ्यानंतर रान वाळलं की एक दिसत नाही. तुमच्याकडे उलटंच, उन्हाळ्यात. त्यामुळे मलाही उत्सुकता आहे.

कमळतळं

भोगावतीकाठ, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. मोरचूद अजिबात टाकू नका, आणि शेजाऱ्यांनाही टाकू देऊ नका. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तांब्यानं जळवा मरतात हे खरं, पण जळवेला मारण्याइतकं तांबं पाण्यात गेलं की गोगलगायी, माशांची पिल्लं, बेडकांची पिल्लं, शेवाळ, सगळंच जातं. तांबं काही दिवसांनी नाहीसंही होत नाही, ते गाळात बसून राहतं. ज्या पाण्यात म्हशी तोंड घालतात, ज्यातून खालचं गाव पाणी उचलतं, तिथे हा प्रयोग नको.

आता कोड्याकडे. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ओढ्या-नद्यांचे दगड उलटून खाली काय राहतं ते बघत फिरते. तुम्ही जे तीन ठिकाणांचं वर्णन केलंत ते इतकं नेमकं आहे की उत्तर बरंचसं त्यातच आहे.

तुमची जळू बहुतेक हिरुडिनेरिया ग्रॅन्युलोसा, म्हणजे भारतात गुराढोरांना लागणारी नेहमीची जळू. पूर्वी बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला हीच असायची. हिरवट पाठ आणि नारिंगी पोट ही तिची ओळख. सावंतवाडीकरांनी सांगितलेली आंबोलीची जळू वेगळी, ती हीमाडिप्सा कुळीची, जमिनीवर राहणारी. तिला ओलं रान लागतं म्हणून ती पावसाळ्यात दिसते. दोघी रक्त पितात, पण एकीचं घर पाण्यात आणि दुसरीचं पालापाचोळ्यात.

आपण 'पाणी घाण की स्वच्छ' एवढ्या एकाच प्रश्नावर अडतो आणि तिथेच घोटाळा होतो. जळवेला पाण्यापलीकडेही पुष्कळ काही लागतं.

पहिलं म्हणजे धरायला काहीतरी. तिला दोन चूषक असतात, तोंडाशी एक, शेवटाला एक मोठा. मागच्या चूषकानं ती टणक वस्तूला धरून राहते. दगड, लव्हाळ्याची काडी, पाण्यात पडलेलं लाकूड, जलपर्णीची मुळं, काहीही चालतं. पण सतत सरकणाऱ्या वाळूत किंवा लिबलिबीत गाळात चूषक बसत नाही. म्हणून नुसत्या वाळूच्या पात्रात जळवा फार कमी सापडतात.

दुसरं, पाण्याचा वेग. तुमची मोठी जळू पोहते. लाटेसारखं अंग वरखाली हलवत ती म्हशीकडे येते. म्हैस पाण्यात शिरली की पाणी हलतं, ते तिला लांबून कळतं, जवळ आल्यावर अंगाची ऊब कळते. हे सगळं संथ पाण्यात जमतं. खळाळात पाणी आधीच हजार ठिकाणी हलतंय, त्यात म्हशीची चाहूल कशी लागणार? आणि दगड सोडून पोहायला निघाली तर म्हशीपर्यंत पोचण्याआधी वाहून जाईल. शिवाय मोठ्या जळवा बहुतेक काठालगतच्या उथळ पाण्यातच असतात. बंधाऱ्यामागे असं उथळ, संथ, गवताळ काठाचं पाणी हवं तेवढं आहे.

तिसरं, आणि मला वाटतं सगळ्यांत दुर्लक्षित, म्हणजे काठ. ही जळू पाण्यात अंडी घालत नाही. साधारण एप्रिल ते जूनच्या दरम्यान ती पाण्यातून बाहेर येते आणि पाणीपातळीच्या जरा वर, ओलसर मऊ मातीत, दगडाखाली किंवा मुळांच्या आडोशाला कोष घालते. कोष पिवळसर, ढोलक्या आकाराचा आणि बाहेरून स्पंजासारखा सच्छिद्र असतो. आत अनेक पिल्लं, दोनेक आठवड्यांनी बाहेर पडून पाण्यात जातात. म्हणजे मातीचा, सावलीचा, कायम ओला राहणारा काठ नसेल तर कितीही चांगलं पाणी असून उपयोग नाही. बंधाऱ्यामागे पाणी महिनोन् महिने साधारण एका पातळीला राहतं, काठ ओला राहतो. खळाळाला काठ म्हणजे उघडा, तापणारा खडक. तिथे कोष घातला तर दुपारी सुकेल.

चौथं, जेवण. बंधाऱ्याच्या वर रोज म्हशी येतात. तुमच्या जळवांचं सगळं बळ त्यात आहे. लहान पिल्लांना म्हशीची कातडी भेदत नाही, ती आधी बेडकांवर वगैरे वाढतात. काठाला बेडूकही पुष्कळ असणार.

आणि उन्हाळाच का? गार पाण्यात त्या मंदावतात. मार्गशीर्ष-पौषात गाळात, दगडाखाली, मुळांत दडून बसतात. पाणी तापलं की हालचाल वाढते, भूक वाढते, आणि नेमक्या त्याच दिवसांत म्हशीही पाणी सोडत नाहीत.

गटाराचं मी मुद्दाम ठेवलंय. त्याआधी एक काम कराल का? खळाळातले मूठभर मोठे दगड उलटून खालची बाजू नीट बघा. मग गटार मिळतं तिथला आणि त्याच्या थोडं खालचा एखादा दगड किंवा विटेचा तुकडा. काय दिसतं ते लिहा. दगड पुन्हा होता तसा, होता तिथे ठेवा.

वैद्य_करवीर

कमळतळं ताई, फार छान लिहिलंत. मी आयुर्वेदाचा वैद्य, जलौकावचारण, म्हणजे जळवा लावून उपचार, करतो, त्यामुळे या विषयात जीव अडकलेला आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तेराव्या अध्यायात जळवांचं वर्णन आहे. बारा प्रकार सांगितलेत, सहा सविष आणि सहा निर्विष. या धाग्याशी जोडलेला भाग असा की सुश्रुतानं त्यांची विभागणी राहण्याच्या जागेवरून केली आहे. सविष जळवा कुठे? विषारी मासे, किडे, बेडूक, मलमूत्र जिथे कुजतं त्या गढूळ पाण्यात. निर्विष कुठे? कमळं, कुमुद, शेवाळ असलेल्या निर्मळ पाण्यात. भरपूर आणि सुगंधी पाण्यात त्या वावरतात, चिखलात लोळत नाहीत, असं तो म्हणतो. आणि त्यांचे प्रदेश सांगताना यवन, पांड्य, सह्य आणि पौतन अशी नावं देतो. सह्य म्हणजे आपला सह्याद्री! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पाळण्याची रीतही दिली आहे. नवीन मोठ्या मडक्यात तळ्याचं पाणी आणि चिखल, खायला शेवाळ, सुकं मांस, पाण्यातल्या कंदांचं चूर्ण, अंग टाकायला गवत आणि पाणवनस्पतींची पानं. तिसऱ्या तिसऱ्या दिवशी पाणी आणि खाद्य बदलायचं, सातव्या सातव्या दिवशी मडकंच बदलायचं. आम्ही आजही पाणी शिळं होऊ देत नाही. दिलं तर जळवा मलूल होतात, एकमेकींवर गोळा होतात, मरतात.

भोगावतीकाठ, कोणी सांगितलं तरी स्वतःच्या अंगाला नदीतली जळू लावून घेऊ नका. उपचाराला वापरायच्या जळवा वेगळ्या ठेवतात, शुद्ध करतात, आणि एका रुग्णाची दुसऱ्याला लावत नाहीत.

निळाई

मी पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवलं की जळू प्रदूषणाची निदर्शक आहे. इथे तर वैद्य सांगतात निर्मळ पाण्यात असते, आणि मूळ प्रश्नात गटारापाशी नाहीच. मग पुस्तकातलं चूक का?

भोगावतीकाठ

मॅडम, सांगितल्याप्रमाणे काल सकाळी पोराला घेऊन गेलो.

खळाळात दगड उलटले. पहिल्या दोन-तीन दगडांखाली काही नाही, नुसते चपटे, शेपटीला तीन केस असलेले किडे पळाले. मग एक जड दगड दोघांनी मिळून उलटला, त्याच्या खालच्या बाजूला चिकटून तांबूस, बारीक, दोऱ्यागत लांब होणारी एक जळू! पोरगं घाबरलं. मी बोट लावलं तर मला चिकटायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, दगडाच्या खाचेत शिरायला बघत होती. नंतर तसल्याच आणखी दिसल्या. म्हणजे खळाळात जळवा आहेत, मला उभ्या जन्मात माहीत नव्हतं.

गटाराच्या तोंडाशी दगडच नाही, काळा चिखल. काठीनं ढवळला तर सडक्या अंड्याचा वास, आणि लालभडक बारीक किडे वळवळताना. जळू नाही. तिथनं पन्नास-साठ पावलं खाली पाणी जरा निवळतं, तिथं एक फुटकं कौल पडलेलं. ते उलटलं तर नखाएवढ्या, चपट्या, करड्या जळवा. एक सोडवायला गेलो तर गोळा होऊन पडली. उलटी केली तर पोटाला बारीक पांढरी पिल्लं चिकटलेली, गच्च. पोरगं तिथनं उठेनाच. मग ते कौल परत ठेवलं, तुम्ही म्हणाल्या होत्या म्हणून.

आता सांगा या कोण. आणि एक प्रश्न घरच्यांचा: पंधरा दिवस म्हशी नदीला नेल्याच नाहीत, तर उपाशी राहून जळवा मरतील का?

कमळतळं

तुमच्या मुलाला माझा खास नमस्कार सांगा. पिल्लं पोटाला धरलेली जळू बघायला मिळाली, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना पदवी घेईपर्यंत जमत नाही.

खळाळातली तांबूस, बारीक जळू ही बार्ब्रोनिया वेबेरी असण्याची दाट शक्यता आहे. ती रक्त पीतच नाही. तिला कातडी कापणारे जबडे नाहीत. दगडाखालचे किडे, अळ्या, छोटे गांडूळवर्गीय जीव ती सबंध गिळते. म्हणून तुमच्या बोटाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मूळची ती दक्षिण आणि आग्नेय आशियातली, पण मत्स्यालयात लावायच्या पाणवनस्पतींबरोबर जगात कुठे कुठे पोचली आहे. खळाळ तिला का मानवतो बघा: अंग बारीक, दगडाच्या फटीत मावणारं, दगडाखाली पाण्याचा जोर जवळजवळ नाही, वाहत्या पाण्यात प्राणवायू भरपूर, आणि भक्ष्य तिथेच, पोहून कुणाच्या मागे लागायचं कामच नाही. ते तीन केसांचे चपटे किडे म्हणजे मेफ्लायची पिल्लं, अगदी चांगल्या पाण्याची खूण. तुमचा खळाळ अजून जिवंत आहे याचा मला मनापासून आनंद झाला.

कौलाखालच्या चपट्या जळवा ग्लॉसिफोनिडी कुळातल्या. या पोहत नाहीत, डिवचलं की गोळा होतात, आणि पिल्लांना पोटाखाली सांभाळतात. यातल्या बऱ्याचजणी पाणगोगलगायी आणि अळ्यांच्या अंगातला रस शोषून जगतात, माणसाला किंवा म्हशीला त्यांचा काही त्रास नाही. यांना काठ लागत नाही, कोषासाठी ओली माती लागत नाही, कारण पिल्लं आईजवळच. म्हणून काँक्रीटचा काठ, फुटकं कौल, प्लास्टिकची पिशवी, कशावरही त्यांचं भागतं.

आता गटाराचं तोंड, आणि निळाई, तुझंही उत्तर यातच आहे.

सगळ्या जळवा कातडीतून श्वास घेतात. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मागच्या चूषकानं दगड धरून अंग लाटेसारखं हलवत राहतात, म्हणजे अंगाजवळ ताजं पाणी येत राहतं. पंचवीस अंशाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. आंघोळीच्या पाण्यात तो 5 च्या खाली जाऊ नये असा आपला निकष आहे. गटाराच्या तोंडाशी कुजण्यातच तो संपतो. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे त्या चिखलात प्राणवायू संपलेला आहे. ते लालभडक किडे मात्र तिथेही टिकतात. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, थोडासा प्राणवायूही ते पकडून ठेवतात. जळवेचं तिथे निभत नाही. जरा खाली आलं की पाणी हवा घेतं, गटाराबरोबर आलेलं अन्न मात्र असतंच. त्यावर अळ्या आणि गोगलगायी पोसतात, आणि त्यांच्यावर चपट्या जळवा. म्हणून पन्नास-साठ पावलांत चित्र बदललं.

पुस्तकात चूक नाही, पण ते एका ओळीत आटोपलेलं असतं. ब्रिटनमध्ये नद्यांसाठी बी.एम.डब्ल्यू.पी. नावाची गुणपद्धत वापरात आली. पाण्यातल्या प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण. स्टोनफ्लाय आणि चपट्या मेफ्लाय अशा नाजूक कीटककुळांना 10, ट्युबिफेक्ससारख्या गाळातल्या बारीक तांबड्या किड्यांना 1, आणि बहुतेक गोड्या पाण्यातल्या जळवांना 3. माशांवरच्या जळवांचं कुळ जरा वर, 4. म्हणजे जळू मळ सोसते, पण टोकाचा मळ नाही. आणि तिची सगळी भावंडं सारखी सोसत नाहीत. म्हणून 'जळू सापडली' एवढंच लिहिलेल्या अहवालावर मी कधी विसंबत नाही. कोणती, किती, आणि तिच्या शेजारी कोण होतं, हे लिहिलेलं पाहिजे. भोगावतीच्या खळाळात जळू मेफ्लायबरोबर होती, कौलाखाली गटाराच्या खाली होती. दोन्ही जळवाच, आणि दोन ठिकाणचा अर्थ अगदी निराळा.

वैद्यबुवा, तुमच्या मडक्याच्या नियमांबद्दल एक सांगते. जळवा उत्सर्जन मुख्यतः अमोनियाच्या रूपात करतात. साठलेल्या पाण्यात तो वाढत जातो, खाद्य कुजून प्राणवायू घटतो. तिसऱ्या दिवशी पाणी बदलणं हा नियम कुणीतरी जळवांबरोबर वर्षानुवर्षं राहून, त्यांच्याकडे बारकाईनं बघून केला आहे. सुश्रुताचं वर्गीकरण मला विषापेक्षा अधिवासाचं म्हणून फार मोलाचं वाटतं.

गटारापाशी मोठी जळू का नाही, याला प्राणवायूखेरीज आणखी कारणं आहेत. त्या बाजूला म्हशी नेत नसाल. आणि माझा अंदाज, गटाराजवळचा काठ बांधून काढला असेल. बरोबर का?

भोगावतीकाठ

बरोबर. तिथं दोन्ही बाजूला काँक्रीटची भिंत आहे, पूर आल्यावर काठ ढासळला म्हणून बांधली. म्हशी तिकडं कोण नेतंय, त्या स्वतःच तोंड फिरवतात.

2019 च्या महापुरानंतर उसाच्या सरीतल्या साठलेल्या पाण्यातही मोठ्या जळवा बघितल्या होत्या. त्या नदीतनंच आलेल्या का?

कमळतळं

हो, पुराच्या पाण्याबरोबर. पुरात वाहणाऱ्या जळवा जिथे पाणी थांबेल तिथे, मुळांच्या, पाचटाच्या आडोशाला चिकटतात. पाणी उतरलं की सरीत, डबऱ्यात अडकतात. नदीकाठची डबरी अशीच नव्यानं वसतात.

आता पंधरा दिवसांचा प्रश्न. नाही, त्यानं काही होणार नाही. ही जळू एकदा पोटभर रक्त प्याली की ते फार सावकाश पचवते, कित्येक महिने दुसऱ्या जेवणावाचून राहू शकते. पण दीर्घ काळाचा हिशेब वेगळा. युरोपातली औषधी जळू, हिरुडो मेडिसिनॅलिस, तिकडे इतकी घटली की 1987 मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातून नियंत्रण आलं. औषधासाठी बेसुमार पकडली हे एक कारण, पाणथळी बुजवल्या हे दुसरं, आणि तिसरं म्हणजे घोडी-गुरं तळ्यावर पाण्याला येणं बंद झालं. पाणी तिथेच, जळू गेली, कारण जेवण गेलं. तुम्हाला जळू संपवायची नाहीये, म्हशीपासून लांब ठेवायची आहे. ते पुष्कळ सोपं आहे.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. पाणवठ्याची जागा बदलायची. लव्हाळं आणि जलपर्णी दाटलेल्या काठाऐवजी जिथे काठ मोकळा, उन्हाचा आणि खडकाळ आहे तिथून म्हशी उतरवायच्या. तशी जागा नसेल तर ग्रामपंचायतीला सांगून म्हशी उतरतात तेवढ्याच पट्ट्यात दगडी फरसबंदी करून घ्यायची आणि तेवढंच गवत काढायचं. सगळा काठ साफ करू नका, काँक्रीटची भिंत तर मुळीच नको. त्याच लव्हाळ्यात मासे वाढतात, बगळे आणि पाणकोंबड्या जळवा खातात, आणि काठ ढासळायचा थांबतो. जमलं तर दुपारच्या बसण्यासाठी खळाळातलाच थोडा खोल खडकाळ भाग वापरा. तुम्हीच सांगितलंत की तिथे जळू लागत नाही.

लागलीच तर ओढून काढू नका, जखम चिघळते. मिठाचं पाणी लावलं की ती आपण होऊन सोडते. सडाला लागली असेल तर मीठ जखमेत जाऊ न देता नखानं चूषकाची कड हळूच सोडवा, आधी तोंडाकडची, मग मागची. रक्त बराच वेळ येत राहील, घाबरू नका. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, 1884 मध्ये हेक्राफ्ट या शास्त्रज्ञानं दाखवून दिलेलं, पुढे त्याला हिरुडिन म्हणू लागले. स्वच्छ पाण्यानं धुऊन फडक्यानं दाबून धरा. नाकपुडीत शिरल्याचा संशय आला, म्हैस सारखी फुरफुरू लागली, नाकातून रक्त आलं, तर घरी काही करू नका, गुरांच्या डॉक्टरांना बोलवा.

वैद्य_करवीर

ताई, एक शंका. जूनच्या तोंडावर बरगे काढतात तेव्हा पाणी एकदम उतरतं. काठाच्या मातीतल्या कोषांचं काय होत असेल?

कमळतळं

काठ किती ओला राहतो त्यावर आहे. बरगे काढल्यावर लगेच पाऊस लागला तर माती ओली राहते, पिल्लं वाचतात. पाऊस लांबला आणि काठ आठ-दहा दिवस उन्हात राहिला तर वरचे कोष सुकत असणार. सावलीतल्या, करंजाच्या-उंबराच्या मुळाशी असलेल्यांना जास्त संधी.

भोगावतीकाठ, मे महिन्यात तुम्ही आणि मुलगा एकदा बंधाऱ्याच्या वरच्या काठाला, पाण्यापासून वीतभर वर, मुळांखालची माती हलक्या हातानं उकरून बघाल का? पिवळसर कोष दिसले तर पाण्यापासून किती उंचीवर, सावलीत की उन्हात, एवढं लिहून ठेवा आणि माती परत लोटा. बरगे काढल्यावर तीच जागा पुन्हा बघा. आपल्या नद्यांतल्या बंधाऱ्यांवर हे असं बघून ठेवलेलं मला तरी फारसं कुठे वाचायला मिळालेलं नाही.

भोगावतीकाठ

करतो मॅडम. पोरगं आत्तापासनंच वही काढून बसलंय. मोरचुदाचं शेजाऱ्यांना सांगितलं, त्यांना पटलं. फरसबंदीचा विषय पुढच्या ग्रामसभेत मांडतो. मेमध्ये कोष सापडले तर याच धाग्यावर फोटो टाकीन.